सात कुलपं, लागणारी किल्ली एकही नाही

सासऱ्यांच्या कपाटाच्या तळाशी पत्र्याचा एक डबा होता. त्यात सात कुलपं आणि अकरा किल्ल्या. त्या अकरांतली एकही किल्ली सातांतल्या एकाही कुलपाला लागत नाही, हे सासूबाईंना कित्येक वर्षांपासून माहीत होतं. "किल्ल्या घरातच असतील, सापडतील कधीतरी, असं म्हणत ह्यांनी ती कधी टाकू दिली नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि आता मला टाकवत नाहीत."

गेल्या वर्षी ७ जानेवारीला आवराआवरीत तो डबा माझ्या हाती आला आणि १४ ऑगस्टला मला हिरवा पट्टा मिळाला. कराटेचा नव्हे, किल्लीविना कुलपं उघडण्याचा. हौशी मंडळींमध्ये अशी पट्ट्यांची पद्धत आहे, तिच्याबद्दल पुढे येईलच. मधले सात महिने कसे गेले ते तारीखवार लिहिते आहे, वहीत नोंदी ठेवल्या म्हणून जमतंय. ज्यांना हे करून बघायचंय पण सुरुवात कुठून करावी कळत नाही, त्यांच्यासाठी हे आहे. चोरीच्या हेतूने कोणी वाचत असेल तर त्याची निराशा होईल. एका कुलपाला मला एकोणीस संध्याकाळी लागल्या. दार फोडायला एवढा वेळ लागत नाही.

डबा सापडला त्याच रात्री मी केसांची पिन घेऊन बसले. पिन वाकली, कुलूप ढिम्म. दुसऱ्या दिवशी वाचायला घेतलं आणि पहिली गोष्ट कळली ती अशी की सगळी कुलपं एका जातीची नसतात. माझ्या सातांपैकी दोन अगदी साधी होती. त्यांच्या आत फक्त आडव्या अडसर-पट्ट्या असतात, आणि चुकीच्या किल्लीला त्या अडवतात. त्या पट्ट्यांना चुकवून आत जाणारी बारीक, टोकाला वळवलेली तार मिळाली की काम झालं. चार कुलपं पिनांची होती. आणि एक मोठं, जड, गोल भोकाचं, पोकळ दांडीची किल्ली लागणारं. ते तरफेचं, म्हणजे लीव्हरचं. भोकाचा आकार नीट बघितला असता तर केसांची पिन तरी वाचली असती.

साधनं मागवण्याआधी दोन दिवस कायदा वाचण्यात घालवले, आणि तुम्हीही घालवा. अशी साधनं जवळ बाळगण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. बऱ्याच ठिकाणी तुमचा हेतू बघितला जातो. जपानमध्ये मात्र २००३ च्या कायद्याने रास्त कारणाशिवाय ती नुसती बाळगणं हाच गुन्हा आहे. जगभरचे हौशी लोक याशिवाय दोन नियम पाळतात. एक, कुलूप आपलं असावं किंवा मालकाने स्वतः हातात दिलेलं असावं. दोन, रोजच्या वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही. पहिला नियम सांगावा लागू नये. दुसरा मी मार्चमध्ये मोडला, त्याची कथा खाली आहे.

११ जानेवारीला चौदा साधनांचा संच मागवला. तो आला ३ फेब्रुवारीला. मध्ये पार्सल तपासणीत अडकलं आणि मला एक अर्ज भरून द्यावा लागला: वस्तू काय, कशासाठी, स्वतःच्या वापरासाठी की विक्रीसाठी. "कशासाठी" या रकान्यात मी आधी "कुलपं उघडण्यासाठी" असं लिहिलं, मग ते कसं दिसतंय हे लक्षात येऊन नवा अर्ज मागितला आणि "छंद, स्वतःच्या मालकीच्या सराव-कुलपांसाठी" असं लिहिलं. सोबत ओळखपत्राची प्रत, पावतीची प्रत. आठ दिवस काही हालचाल नाही, मग एक फोन, तेच प्रश्न तोंडी, आणि पार्सल सुटलं. त्या चौदा साधनांपैकी आज मी तीन वापरते. उरलेली अकरा शोभेला आहेत. तेव्हा मोठा संच घेऊ नका. पिना उचलायला एक छोटा हुक, एक थोडा उंच हुक आणि दोन-तीन जाडीच्या टेन्शनच्या, म्हणजे कुलपाला पीळ देण्याच्या, पट्ट्या एवढ्यावर वर्ष निघतं.

पार्सलची वाट बघत असताना गाडीच्या जुन्या वायपरमधून स्टीलच्या दोन चपट्या पट्ट्या काढल्या. हा या छंदातला जुना जुगाड. पट्टी पकडीने काटकोनात वाकवली, कानशीने टोक घासलं, पॉलिश पेपरने कडा गुळगुळीत केल्या. आजही माझी आवडती टेन्शनची पट्टी तीच आहे. दुसरी पट्टी बारीक कापून टोकाशी वळवली, आणि डब्यातली ती दोन साधी कुलपं त्याच आठवड्यात उघडली. एक दहा सेकंदांत. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "एवढंच होतं होय?"

एवढंच नव्हतं.

पिनांच्या कुलपाचं तत्त्व मला स्वयंपाकघरातल्या खणाने समजावलं. खणात झारे-डाव खचाखच भरले की एखाद्याचं टोक वर येतं आणि खण अडतो. अर्धं टोक खणात, अर्धं वरच्या फळीत. कुलपात असंच असतं. किल्ली जिथे जाते तो गोल गाभा म्हणजे खण, बाहेरचं घर म्हणजे फळी. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि वर स्प्रिंग. किल्ली नसताना वरची पिन अर्धी गाभ्यात, अर्धी घरात अडकलेली असते. बरोबर किल्लीने सगळ्या जोड्या अशा उचलल्या जातात की दोन पिनांमधला सांधा नेमका गाभ्याच्या काठावर येतो. त्या काठाला शिअर लाइन म्हणतात. सांधे तिथे जुळले की गाभा फिरतो. लाकडी पिनांची कुलपं प्राचीन इजिप्तमध्येही होती. आजच्या धातूच्या कुलपाचं पेटंट लायनस येल यांनी १८४८ मध्ये घेतलं आणि त्यांच्याच नावाच्या मुलाने १८६१ मध्ये त्याला चपट्या दातेरी किल्लीचं आटोपशीर रूप दिलं.

आता ही भोकं शंभर टक्के एका रेषेत पडत नाहीत. केसाहून बारीक फरक राहतो. म्हणून गाभ्याला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडत नाहीत, आधी एकच अडते. भरलेल्या खणातही आधी एकच झारा अडतो ना, तसंच. ती पिन शोधायची, हळूच उचलायची. सांधा काठावर आला की बारीक टिक्, गाभा कणभर फिरतो, आणि आता दुसरी कुठलीतरी अडते. कारागिराच्या हातून राहिलेल्या त्या कणभर चुकीवर हा सगळा छंद उभा आहे.

४ फेब्रुवारीला संचासोबत आलेलं पारदर्शक प्लॅस्टिकचं सराव-कुलूप उघडलं. वीस सेकंद. घरभर मिरवून आले. मुलगी नऊ वर्षांची, तिनेही दीड मिनिटात उघडलं, तेव्हा मिरवणूक संपली. पारदर्शक कुलूप एकदाच बघण्यासाठी चांगलं. तिथे डोळे काम करतात, आणि खऱ्या कुलपात डोळ्यांचा काही उपयोग नसतो.

खरं पहिलं कुलूप डब्यातलंच, पोलादी चकत्या एकावर एक रचून रिव्हेटने ठोकलेलं. ही रचना हॅरी सोरेफ यांची, पेटंट १९२४ चं, आणि अशी कुलपं अजून जगभर दिसतात. आत चार पिना. ९ ते १२ फेब्रुवारी, रोज रात्री जेवणानंतर. पहिले तीन दिवस मला पिना मोजताही येत नव्हत्या. हुक आत सरकवला की सगळं एकच खडबडीत काहीतरी लागायचं. चौथ्या रात्री पावणेअकराला कडी उडाली, आणि मी इतकी दचकले की कुलूप हातातून पडलं. दुसऱ्या दिवशी गंमत म्हणून नागमोडी टोकाचं साधन आत घालून नुसतं पुढे-मागे घासलं, तर तेच कुलूप सात सेकंदांत उघडलं. मला फसवल्यासारखं वाटलं. पण त्या घासाघाशीत हाताला काही कळत नाही, म्हणून मी तिथेच ठरवलं की एकेक पिन शोधूनच उघडायचं. महिना संपायच्या आत डब्यातलं दुसरं आणि तिसरं पिनांचं कुलूपही उघडलं. तेव्हा मला आपण तयार झालो असं वाटायला लागलं, आणि इथून पुढे घोडं अडलं.

चौथ्या कुलपात काहीतरी विचित्र होतं. दोन-तीन पिना बसायच्या, मग गाभा चक्क चांगला फिरायचा, डोळ्यांना दिसेल इतका, आणि थांबायचा. उघडलं नाही, पण उघडल्यासारखं. मी आणखी जोर लावायचे. काही नाही. मार्चचे पहिले दोन आठवडे असे गेले.

त्या वैतागातच १६ मार्चला, रविवारी, मी मागच्या दाराच्या कुलपावर हात साफ करायला गेले. मनात असं की रोजचं कुलूप, सोपं असेल, जरा आत्मविश्वास येईल. हुकाचं टोक आत मोडलं. किल्ली अर्ध्यापुढे जाईना. दार बंद. किल्ली बनवणारे काका दुसऱ्या दिवशी सकाळी येऊ शकले. त्यांनी चिमट्याने तुकडा काढला, किल्ली घालून फिरवून दाखवली, मग टेबलावरची माझी साधनं एकेक उचलून उजेडात धरली. हुक सगळे पाठीकडे वाकलेले. "ताई, हात जड आहे तुमचा," ते म्हणाले. "पट्टीवर किती जोर लावता?" मी लावून दाखवला. त्यांनी मान हलवली, माझं बोट उचललं आणि पट्टीवर नुसतं टेकवलं. "एवढाच. वहीचं पान वाऱ्याने उडू नये म्हणून धरतो, तेवढा." त्यांची फी मी पुस्तकाची किंमत समजून दिली. मोडलेल्या हुकाचे पैसे वेगळे.

त्या आठवड्यात मी फक्त एवढंच केलं: पट्टीवर कमीत कमी किती जोर पुरतो ते शोधलं. उघडायचं नाही, नुसता पीळ देऊन एक पिन अडली की सोडायचं. कंटाळवाणं आहे. पण आधी दोन बोटांची टोकं पांढरी पडायची ती थांबली, आणि हुकातून येणारा आवाज, खरं तर आवाज नव्हे, स्पर्शच तो, कळायला लागला. प्रत्येक पिन तीनपैकी एका अवस्थेत असते. स्प्रिंगसारखी मऊ उसळते ती अजून अडलेली नाही. घट्ट लागते ती अडलेली, तिचीच पाळी. किंचित सैल हलते, वर स्प्रिंगचा दाब नसल्यासारखी, ती बसलेली. हे तीन स्पर्श ओळखता आले की अंदाजपंचे थांबतं.

चौथ्या कुलपातल्या विचित्रपणाचं नाव तेव्हाच कळलं: स्पूल. वरची पिन सरळ नळीसारखी नसून डमरूसारखी, मध्ये कंबर बारीक. पीळ दिला की गाभ्याचा काठ त्या कंबरेत शिरतो. म्हणून गाभा भरपूर फिरतो आणि आपल्याला वाटतं झालं. खरं तर आपण सापळ्यात पाय ठेवलेला असतो. याला खोटा सेट म्हणतात. तिथून बाहेर पडायला ती पिन वर ढकलावी लागते, आणि ढकलली की गाभा उलटा फिरू पाहतो, बोटाखालची पट्टी मागे सरकते. नवशिक्याची सहजप्रवृत्ती म्हणजे पट्टी आणखी घट्ट दाबणं. मी दोन आठवडे तेच करत होते. करायचं असतं उलट: कमावलेला पीळ थोडा परत द्यायचा, गाभ्याला मागे येऊ द्यायचं, म्हणजे पिनेची कड काठावरून सटकते आणि पिन खरी बसते. परत देताना बाकीच्या बसलेल्या पिना कोसळण्याची भीती असते. कोसळतातही. मग पहिले पाढे पंचावन्न.

ज्याच्यामुळे मार्ग निघाला ती युक्ती सगळ्यांना सांगाविशी वाटते. दारात बसतो तसला एक सुटा सिलिंडर विकत घ्या, किल्लीसह. तो उघडून सगळ्या पिना काढा आणि एकच स्पूल परत घाला. एका पिनेचं कुलूप उघडा, पन्नास वेळा. मग दोन. मग तीन. एकच स्पूल असते तेव्हा तो उलटा फिरणारा गाभा बोटाला इतका स्पष्ट जाणवतो की नंतर पाचांच्या गर्दीतही ओळख पटते.

सिलिंडर उघडण्याची माझी पहिली वेळ, ३० मार्च, वर्णन करण्यासारखी आहे. किल्ली घालून गाभा थोडा फिरवायचा, मागची क्लिप काढायची, आणि गाभा बाहेर ढकलताना त्याच्या मागोमाग त्याच जाडीची गोल काठी आत सरकवायची, मध्ये फट न ठेवता, म्हणजे वरच्या पिना आणि स्प्रिंगा जागेवर दबून राहतात. मी काठी म्हणून मुलीचा जाड रंगखडू वापरला. तो गाभ्यापेक्षा जरा बारीक होता. पाच स्प्रिंगा, पाच पिना, खोलीच्या पाच दिशांना. स्प्रिंग भाताच्या शिताहून लहान असते. विजेरी घेऊन मुलगी आणि मी जमिनीवर पालथ्या पडून शोधत होतो. चार मिळाल्या, पाचवी जूनमध्ये माझ्या चपलेत सापडली. तेव्हापासून हे काम मी मोठ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून करते. काठी लाकडी, गाभ्याच्या मापाची घासून घेतलेली. पिना ठेवायला बर्फाचा साचा, भोकांच्या क्रमाने. वंगण म्हणून तेल टाकायचं नाही, धूळ धरून चिकट होतं. ग्रॅफाइटची पूड चालते.

२६ एप्रिलला डब्यातलं चौथं पिनांचं कुलूप उघडलं. वहीत लिहिलंय: "क्रम ३, १, ४, ५, २. दोन स्पूल. पीळ परत दिला, काही कोसळलं नाही." बाकी काही लिहायला सुचलं नव्हतं. हसू येत होतं आणि रात्री झोप लागली नाही.

याच सुमारास मी एका हौशी गटाच्या पट्ट्यांच्या मागे लागले. पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, जांभळा, तपकिरी, लाल, काळा असा चढता क्रम. प्रत्येक रंगाला कुलपांची यादी, आणि वरच्या रंगासाठी पुरावे कडक. पहिले तीन फोटोंवर मिळाले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. हिरव्यासाठी मी निवडलं 'अमेरिकन लॉक' या कंपनीचं ११०० हे कुलूप. अ‍ॅल्युमिनियमचं भरीव अंग, दीड इंच रुंद, दिसायला खेळण्यासारखं. आत पाच पिना, आणि त्यात स्पूल तर आहेतच, शिवाय दातेरी पिनाही आहेत. त्यांच्या अंगावर स्क्रूच्या आट्यांसारख्या खाचा असतात. उचलताना प्रत्येक खाच काठावर अडकते आणि टिक् वाजते. म्हणजे एका पिनेत चार-पाच टिक्, त्यातली खरी एकच. मेपर्यंत मी ज्या आवाजावर विश्वास ठेवायला शिकले होते, तोच आवाज इथे खोटं बोलत होता.

२४ मे ते २१ जून. एकोणीस संध्याकाळी, वहीप्रमाणे तेवीस तास. एका बैठकीत वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही हे मी इथे शिकले. त्यानंतर बोटं बधिर होतात आणि हात आपोआप जड होतो. नवरा सुरुवातीला चौकशी करायचा, मग त्याने "आज?" एवढंच विचारायला सुरुवात केली, मग तेही बंद झालं.

त्या दिवसांत मला हॉब्जने फार सोबत केली. अल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज हा अमेरिकन कुलूपवाला १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाला गेला होता. जोसेफ ब्रामा या इंग्रज कुलूपकाराच्या कंपनीने १७९० पासून दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडून ठेवलं होतं: जो ते उघडेल त्याला २०० गिनी. साठ वर्षं ते बंद होतं. हॉब्जने उघडलं. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. त्याआधी चब या दुसऱ्या इंग्रज कंपनीचं तरफेचं कुलूप त्याने पंचवीस मिनिटांत उघडलं होतं. त्या कुलपात एक खटका होता. कोणी चुकीचं साधन घालून तरफ जास्त उचलली की तो अडकायचा आणि मालकाला छेडछाड कळायची. हॉब्जने त्याच खटक्याकडून आतली माहिती काढून घेतली. मला एक्कावन्न हा आकडा फार दिलासा देऊन गेला. माझे तेव्हा चौदाच तास झाले होते, आणि माझ्याभोवती इंग्लंडची प्रतिष्ठा घेऊन कोणी बसलं नव्हतं.

दातेरी पिनांवर उपाय असा निघाला: टिक् ऐकून पुढे जायचं नाही, प्रत्येक टिक्नंतर ती पिन परत हलवून बघायची. अजून घट्ट असेल तर खाचेत अडकली आहे, आणखी कणभर उचला. सैल हलत असेल तर बसली. आणि शंका आली की पट्टी सोडून पहिल्यापासून. २१ जूनला रात्री सव्वादहाला दुसरी पिन तिसऱ्या टिक्ला सैल झाली आणि गाभा लोण्यातून फिरावा तसा फिरला. मी बराच वेळ कडी उघडी धरून बसले होते. मग उठून स्वयंपाकघरातला दिवा बंद केला.

आनंद नऊ दिवस टिकला नाही, कारण नऊ दिवस ते कुलूप परत उघडेना. एकदा उघडणं आणि हुकमी उघडणं यांत फार अंतर आहे, आणि अर्जाला दुसरं लागतं. नियम असे होते: एकसंध चित्रीकरण, मध्ये काट नाही. सुरुवातीला कुलूप बंद असल्याचं ओढून दाखवायचं. शेजारी नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी. उघडायचं, मग सगळं सुटं करून प्रत्येक पिन क्रमाने मांडून दाखवायची. या कुलपात कडी उघडी असल्याशिवाय आतला स्क्रू गाठता येत नाही, म्हणजे आधी उघडा, मगच खोला. आणि हे सगळं करताना दोन्ही हात चौकटीत.

पहिला अर्ज ३ जुलैला. १० तारखेला परत आला: "स्क्रू काढताना आठ सेकंद हात दिसत नाहीत." मी चित्रफीत पाहिली. खरंच, स्क्रू ड्रायव्हर टेबलाखाली पडला होता आणि मी वाकले होते. राग आला. आठ सेकंदांत मी काय कुलूप बदलणार होते? दोन दिवसांनी राग गेला, कारण कोणी बदलू शकेलही, आणि मी परीक्षक असते तर मीही परत पाठवला असता. पुढच्या वेळी फोन वरून खाली रोखून पुस्तकांच्या दोन ढिगांवर बसवला, टेबलावर चिकटपट्टीने चौकटीची हद्द आखली, आणि लागणारी प्रत्येक वस्तू त्या हद्दीत आधीच मांडली. तरी चार वेळा चित्रीकरण फुकट गेलं: दोनदा कुलूप उघडलं नाही, एकदा फोनची जागा संपली, एकदा कुणीतरी दाराची घंटा वाजवली. दुसरा अर्ज २ ऑगस्टला, मंजुरी १४ ला. पट्टा म्हणजे नावापुढे एक हिरवा ठिपका. प्रत्यक्षात काही येत नाही. मुलीने कागदाचा करून दिला.

त्या संध्याकाळी मी डब्यातली सहा उघडी कुलपं सासूबाईंसमोर मांडली. त्यांनी एकेक हातात घेतलं, ओळखलं. हे ट्रंकेचं, हे जुन्या सायकलचं. मग म्हणाल्या, "आता लाव परत." मी म्हटलं, "अहो आई, सात महिने लागले उघडायला." "उघडी कुलपं डब्यात कशी ठेवायची?" सहाही कड्या दाबून बंद केल्या.

सातवं, तरफेचं, तसंच आहे. त्याला माझे हुक लागू पडत नाहीत. आतल्या तरफा प्रत्येकी नेमक्या उंचीवर उचलाव्या लागतात, तेव्हाच त्यांच्या खाचा एका ओळीत येऊन खिळीला वाट मिळते. त्यासाठी सायकलच्या चाकाच्या दोन तारा कानसून साधन करते आहे. परवा ते करत बसले होते, तर सासूबाई शेजारी येऊन बसल्या.

"याचीच किल्ली ह्यांनी सगळ्यात जास्त शोधली," त्या म्हणाल्या.

"कुठे गेली असेल?"

"माझ्याकडूनच हरवली. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी." त्यांनी कुलूप उचलून माझ्या हातात दिलं. "ह्यांना कधी सांगितलं नाही."